गल्लीतलं घर विकून प्लॉटवर बंगला बांधणं पर्यावरणपूरक नाही

सध्या खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुन्या पेठेतली दाटीवाटीची घरं म्हणजे भट्टी आणि रोगराई, तिथे 'ग्रीन' बांधकाम शक्यच नाही. म्हणून गल्लीतलं घर विका, गावाबाहेर स्वस्तात एन.ए. प्लॉट घ्या, स्वतंत्र बंगला बांधा, वर सोलर लावा, पुढे बाग करा. शेवटी पार्किंगचा मुद्दा आहेच.

एरवी सोडून दिलं असतं. पण हा मेसेज धुळ्यात माझ्या मामीकडे पोचला आणि मामेभाऊ घर विकायचं म्हणू लागला. मामी एकटी राहते, तिला गाडी येत नाही. किराणा, दवाखाना, देऊळ, भाजीबाजार सगळं तिच्या पायाखालचं आहे. "माले आठे काय कमी शे?" (मला इथे काय कमी आहे?) असं ती विचारते, आणि मेसेजात याचं उत्तर नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो: बंगला म्हणजे पर्यावरणपूरक घर आणि पेठ म्हणजे त्याच्या उलट. घर एकटं उभं राहत नाही, त्याच्यासोबत रस्ता, गटार, पाण्याची पाइपलाइन आणि विजेचे खांबही उभे करावे लागतात. लेआउटमधला साधा तीस बाय पन्नासचा प्लॉट धरा. समोर तीस फूट रस्ता, तो समोरच्या प्लॉटसोबत वाटला तरी एका कुटुंबामागे पंधरा फूट. शेजारचे निम्मे प्लॉट लोकांनी नुसते घेऊन ठेवलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. पेठेत घराची रुंदी पंधरा फूट आणि खाली-वर दोन बिऱ्हाडं असली, तर हाच हिशोब बिऱ्हाडामागे चार फुटांच्या आत येतो. डांबर, सिमेंट, पाइप, खोदाई सगळं त्याच प्रमाणात. जगभरच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. घर 'ग्रीन' आहे की नाही हे ठरवताना तो रस्ता मोजायचा नाही, असं कोणी ठरवलं?

पुन्हा बांधायचं कुठे, तर शेतात. तापीच्या खोऱ्यात गावाबाहेरची जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी काळी कसदार जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींना तडे देते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, माती काढून भराव टाकावा लागतो, जास्त सळई आणि काँक्रीट ओतावं लागतं. जिथे कापूस आणि केळी पिकते तिथे आपण सगळ्यात महागडा पाया घालतो आणि पीक कायमचं घालवतो. रावेर-यावलकडे उपशामुळे भूजल किती खाली गेलंय हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तरी बागेसाठी नवी बोअर मारायचीच.

सोलर जरूर लावा. पण त्याला बंगला लागत नाही. २०२४ ची पंतप्रधान सूर्यघर योजना तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान देते ते घराच्या छतावर, आणि छत गल्लीतल्या घरालाही असतं. ओळीतली घरं साधारण एका उंचीची असली तर सावलीची अडचणही फारशी येत नाही.

रोजच्या येण्याजाण्याचं बघा. बंगला गावापासून सात किलोमीटरवर, शाळा-बाजाराच्या मिळून दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे २८ किलोमीटर. गाडीला पंचेचाळीसचं ॲव्हरेज आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका दुचाकीला १८० लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटरमागे सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला चारशे किलोच्या वर, आणि अशा घरात एका दुचाकीवर भागत नाही.

हे माझंच म्हणणं नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२२ च्या अहवालात शहरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. घरं आणि कामाच्या जागा जवळजवळ, चालत फिरता येईल अशी आटोपशीर वस्ती आणि चांगली सार्वजनिक वाहतूक असली तर २०५० पर्यंत शहरी उत्सर्जन, आहे तसंच चालू ठेवण्याच्या तुलनेत, २३ ते २६ टक्क्यांनी कमी होऊ शकतं, असं त्यात म्हटलंय. 'लीड' या हरित इमारतींच्या मानांकनातही आजूबाजूच्या दाटीला आणि पायी अंतरावरच्या सोयींना गुण आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काही वाचलेलं दिसत नाही.

आता उष्णतेचं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, तिथे हा प्रश्न खरा आहे. सुट्या बंगल्याच्या चारही भिंती आणि स्लॅब उन्हात तापतात. ओळीतल्या घराच्या दोन भिंती शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असतात, त्यांना ऊन लागतच नाही. तीन मजल्यांना मिळून एकच छत असतं, आणि अरुंद बोळात बराच वेळ सावली असते. आपल्याकडची जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं जाड मातीच्या भिंतींची आणि एकमेकांना खेटून होती, ती याच हिशोबाने. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: धाबं पाडून वर काँक्रीट आणि पत्रा चढवला, गल्लीतला कडुलिंब तोडला आणि घरोघरी एसीची गरम हवा बोळात सोडली, तर पेठ रात्रीही निवत नाही. हा दोष झाड तोडण्याचा आणि बांधकामाच्या सामानाचा आहे. नव्या लेआउटमध्ये तरी झाड कुठे असतं?

रोगराईवर फार लिहीत नाही. एका खोलीत आठ माणसं राहणं वेगळं आणि एका एकरात जास्त घरं असणं वेगळं. दाट वस्ती म्हणजे हमखास साथ असती, तर जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी कोरोना आटोक्यात आणल्याबद्दल धारावीचं उदाहरण दिलं नसतं.

प्लॉट स्वस्त वाटतो, कारण टँकर, बोअर आणि नंतर येणाऱ्या रस्त्याचा खर्च त्या दरात धरलेला नसतो.

पार्किंग नाही, हे खरं. बोळात अग्निशमनची गाडी शिरत नाही, उघडी गटारं वाहतात आणि काही जुने वाडे धोकादायक झालेत, हेही खरंच. पण दाटी म्हणजे बेशिस्त नव्हे. धुळ्याची पेठ १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने सरळ गल्ल्यांत आखली, आणि आजही लोक पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. आखणी दोनशे वर्षांपूर्वीच झाली आहे. आता महापालिकेने तिथे गटारं बंद करावीत, मोडकळीला आलेल्या वाड्यांच्या जागी दोन-तीन मजले बांधायला परवानगी लवकर द्यावी, आणि शहराबाहेरच्या लेआउटला रस्ता देण्याआधी तो पैसा या गल्ल्यांत लावावा.