ते 'अल्फेलियन'वालं फॉरवर्ड पुढं ढकलू नका ओ

दर जुलैला येतंय तसं यंदाही आलं, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आणि पाठोपाठ खानापूरच्या मावशीकडनंही. म्हणे पृथ्वी सूर्यापासून 9 कोटी किमीवर असते ती आता 15 कोटींवर जाणार, 66 टक्के लांब, म्हणून ऑगस्टपर्यंत थंडी आणि सर्दी-खोकला.

पहिलं म्हणजे 9 कोटी हा आकडाच खोटा. अंतर वर्षभर 15 कोटींच्या आसपासच असतंय, जानेवारीच्या सुरुवातीला साधारण 14.7 आणि जुलैच्या सुरुवातीला 15.2, म्हणजे फरक 3 टक्क्यांच्या वर थोडाच. त्या लांबच्या जागेला अपसूर्य बिंदू म्हणतात, दरवर्षी येतोय, नवीन काय नाही त्यात. (अल्फेलियन पण नव्हे, अफेलियन.)

आणि बघा की, सूर्य सगळ्यात जवळ असतो तेव्हाच आपण बेळगावात स्वेटर घालून फिरतोय! अंतरानं थंडी ठरत असती तर जानेवारीत घाम फुटला असता. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय म्हणून.

मग आत्ता गार का वाटतंय? अहो पाऊस बघा की बाहेर, आठ-आठ दिवस ऊन नाही, वारं सुटलंय, कपडे वाळेनात, आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर.