कर्ज माझ्या नावावर होतं

माझ्या शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर माझी सही आहे. पण ते पत्र मी नीट वाचलं ते थेट इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात. मधली साडेपाच वर्षं ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, कपाटात, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये होतं. "तू अभ्यासाकडे लक्ष दे, पैशाचं आम्ही बघतो," असं घरी म्हणायचे आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं.

मेडिकलच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की मला फोन येऊ लागतात. कुणाची भाची, कुणाचा शेजारचा मुलगा, कधी शाळेतल्या बाईंचा नातू. बहुतेक वेळा फोनवर वडील असतात. "मॅडम, लोन होईल ना?" मी विचारते, "मुलगी कुठंय? तिला द्या ना फोन." ती बाजूलाच बसलेली असते, पण तिला यातलं काही विचारलेलं नसतं. म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की मेडिकलला जाणाऱ्या मुलामुलींनी कर्जाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरावा, बँकेत स्वतः बोलावं आणि मंजुरीपत्र स्वतःजवळ ठेवावं. चार वर्षांनी हेच मूल पेशंटच्या नातेवाइकांसमोर संमतीपत्र धरून ऑपरेशनमधले धोके समजावून सांगणार आहे. त्याला आपल्या कर्जाचा व्याजदर माहीत नसावा, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या वेळचा तो बँकेतला दिवस मला आठवतो. अण्णा सहकर्जदार होते. कागदांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पानावर सही. चौथ्या की पाचव्या पानावर टेबलावरचे साहेब म्हणाले, "काका, ही सही पॅनकार्डाशी जुळत नाही." अण्णांचा हात घामेजला होता. त्यांनी झेरॉक्सची एक पाठकोरी प्रत घेतली, समोर पॅनकार्ड ठेवलं आणि स्वतःचीच सही गिरवायला लागले. सात-आठ वेळा तरी गिरवली असेल. मग परत पहिल्या पानापासून सगळ्या सह्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसून खाली फरशीकडे बघत होते, कारण मला वाटत होतं की हे सगळं माझ्यामुळे चाललंय. त्या तासाभरात मी त्या साहेबांना एकही प्रश्न विचारला नाही. निघताना ते म्हणाले, "आता काही भरायचं नाही, शिक्षण झाल्यावर बघू." आम्ही दोघंही सुटकेचा श्वास सोडून बाहेर पडलो.

"आता काही भरायचं नाही" हे खरं होतं. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आकड्यांत सांगते, म्हणजे लक्षात येईल. हिशोब सोपा जावा म्हणून दर १० टक्के धरू. शिकत असताना सहसा सरळ व्याज लागतं. बँक पूर्ण रक्कम एकदम देत नाही, दर वर्षीची फी थेट कॉलेजला पाठवते. समजा दर वर्षी २ लाख, अशी ४ वर्षं आणि शेवटच्या सहा महिन्यांचे १ लाख, म्हणजे एकूण ९ लाख उचलले. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष आणि त्यानंतर सवलतीचं, म्हणजे हप्ता न भरण्याची मुभा असलेलं, एक वर्ष, असे साडेसहा वर्षांनी हप्ते सुरू होतात. पहिल्या वर्षी उचललेल्या २ लाखांवर तोवर १ लाख ३० हजार व्याज झालेलं असतं. दुसऱ्या वर्षीच्या २ लाखांवर १ लाख १० हजार, मग ९० हजार, मग ७० हजार आणि शेवटच्या लाखावर २५ हजार. बेरीज ४ लाख २५ हजार. हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि हप्ता ठरतो तो १३ लाख २५ हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण साडेसतरा हजार. तेच व्याज शिकतानाच भरत गेलं असतं तर हप्ता ९ लाखांवर बसला असता, म्हणजे महिन्याला चक्क साडेपाच हजारांच्या वर फरक पडून जेमतेम बारा हजार.

शिकताना दर महिन्याला सगळं व्याज भरणं प्रत्येक घराला जमणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्याच घरी जमलं नसतं. पण थोडं जमलं असतं. इंटर्नशिपच्या विद्यावेतनातून तर नक्कीच जमलं असतं. बँकांच्या संघटनेची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे तिच्यात असंही आहे की शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात व्याज नियमित भरलं तर बँक व्याजदरात १ टक्का सूट देऊ शकते. मला हे कळलं तेव्हा तो काळ संपत आला होता.

म्हणून मंजुरीपत्र हातात आलं की सगळ्यात आधी बघायचं की अभ्यासक्रमाचा कालावधी काय लिहिला आहे. साडेचार की साडेपाच? तिथं इंटर्नशिप धरलेली नसेल तर हप्ता एक वर्ष आधी गळ्यात पडतो. ही चूक सही करण्याआधी दुरुस्त करून घेता येते. नंतर त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. सरकारी कॉलेजच्या मुलांनी बंधपत्रित सेवेचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या बॉन्डच्या सक्तीच्या नोकरीचं, वर्षही डोक्यात ठेवावं. आणि पीजीला नंबर लागला तर हप्ते पुढे ढकलता येतील का, हे आजच विचारून ठेवावं, शक्यतो ईमेलवर.

तारणाबद्दल गावोगाव फार भीती आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारची पतहमी योजना आहे, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला सरकारी हमी असते, आणि त्या मर्यादेत तारण किंवा बाहेरचा जामीनदार लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. तरीही काही शाखांमध्ये आधी सातबारा मागतात. अशा वेळी भांडू नका, पण गप्पही बसू नका. "हे कोणत्या नियमाने मागताय ते लिहून द्या," एवढं नम्रपणे म्हणा. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्यावरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के वाटा आपला असतो. हेही आधी माहीत असलं की ऐन वेळी धावपळ होत नाही.

व्याजाच्या सवलतीसाठी केंद्राच्या योजना आहेत. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. वरच्या उदाहरणातले ते सव्वाचार लाख आठवा, म्हणजे याची किंमत कळेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात सरकारने ठरवलेल्या यादीतल्या संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तर ही मिळत नाही. त्यामुळे दिसेल तो अर्ज भरत सुटण्याआधी, आपल्याला कशात जास्त फायदा आहे तो हिशोब कागदावर मांडून बघा.

आणि कर्जाच्याही आधी शिष्यवृत्ती. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी लोक उलट करतात, कारण कर्ज मोठं वाटतं आणि शिष्यवृत्ती किरकोळ वाटते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे आणि तिच्यात निम्मी ट्यूशन फी मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींसाठी हे ५० टक्क्यांचं १०० टक्के झालं. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अट महत्त्वाची आहे, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला शुल्काची ही मदत मिळत नाही आणि हे कित्येक घरांना पैसे भरून झाल्यावर कळतं.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरणं अवघड नाही, त्याचा पाठपुरावा करणं अवघड आहे. बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा असतो. दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि मार्कशीटवर दुसरं असतं. मग अर्ज 'सेंड बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊन पडून राहतो आणि विद्यार्थी तिकडे शरीररचनेच्या परीक्षेत गुंतलेला असतो. माझ्या एका ज्युनिअरचा अर्ज असाच दोन महिने परत येऊन पडला होता. तिचं लॉगिन गावातल्या सेवा केंद्रवाल्याकडे होतं, त्याचाच मोबाइल नंबर टाकलेला, ओटीपी त्याच्याकडे जायचा. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी हेच विचारते की नंबर कुणाचा टाकलाय?

कॉलेजांबद्दलही मला बोलायचं आहे. मी शिकले तिथं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर अकरा ते एक एवढाच वेळ होता आणि त्याच वेळेत आमचं वॉर्ड पोस्टिंग असायचं. खिडकीवर जायचं तर हजेरी बुडवायची. एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "फी परवडत नाही तर मेडिकलला कशाला येता?" त्या दिवशी आमच्या बॅचमधल्या दोघांनी अर्जच मागे घेतले. मला आजही त्याचा संताप येतो. ज्या शुल्कसवलतीवर शासन निर्णयाने हक्क आहे, ती मागायला मान खाली का घालायची? प्रत्येक मेडिकल कॉलेजात एक माणूस असा हवा की जो संध्याकाळी पाच नंतर बसेल, नवीन मुलांचे अर्ज त्यांच्यासोबत उघडून बघेल आणि दर सहा महिन्यांनी त्यांना त्यांच्या कर्जाचं स्टेटमेंट वाचायला लावेल.

पालकांनो, तुमची माया मला कळते. मुलाच्या डोक्यावर ओझं नको, म्हणून तुम्ही आकडे लपवता. अण्णांनीही तेच केलं. पण ज्या दिवशी मी ती फाइल उघडली, त्या दिवशी मला कर्जाच्या आकड्याने रडू आलं नाही. आत ती पाठकोरी झेरॉक्स होती. त्यांनी ती जपून ठेवली होती, सात-आठ सह्या एकाखाली एक, प्रत्येक आधीचीपेक्षा थोडी सरळ. पाच वर्षं ते एकटे या कागदांपाशी बसत होते आणि मला वाटत होतं, बँकेतला तो विषय कधीच संपला.

माझा हप्ता आता माझ्या खात्यातून जातो. व्याजाचं प्रमाणपत्र दर वर्षी घेते. जुन्या कररचनेत त्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, ज्यांचे हप्ते सुरू झालेत त्यांनी हे बघून घ्या.

यंदा प्रवेश घेतलेल्या मुलामुलींनो, तुमच्या मंजुरीपत्राचं पहिलं आणि दुसरं पान नाव आणि खाते क्रमांक झाकून मला मेसेजमध्ये पाठवा. रविवारी दुपारी माझी ड्यूटी नसते. आपण फोनवर एकेक ओळ वाचू. अट एकच, फोनवर तुम्ही स्वतः या. आई-बाबा शेजारी बसलेले असले तर उत्तमच.