बॅरेकमधली "मस्करी" आणि मर्दानगीचा तो फॉरवर्ड

भाचा ज्या सैन्यभरतीच्या अकॅडमीत आहे, तिथल्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज ताईने मला पाठवला. खाली एवढंच, "हे खरं हाय काय रे? तू वकील हैस नव्हं, सांग की." फोनवर सांगून भागणारं नव्हतं. त्यात कोल्हापुरात कसबा बावड्याला कोर्टात गेलो तर तिथेही दोघांनी तोच मेसेज पुढे केला. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो.

मेसेजचं नाव, "फौजेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बापाने वाचावे." आईने वाचायचं नाही, बहुतेक. सार असं: अमेरिकेने सैन्यात बायका घेतल्या म्हणून तिथे लैंगिक अत्याचार सुरू झाले, आता आपल्याकडेही मुली अग्निवीर व्हायला लागल्यात, तेच होणार. मर्दावर असला अत्याचार होऊच शकत नाही, कायदासुद्धा तसं मानत नाही. बॅरेकमध्ये पोरं करतात ती मस्करी, त्याने मन घट्ट होतं, तक्रार करणारा पलटणीचं नाव घालवतो. आणि विशीचं रक्त गरम असतं, पोरांना दमवा, प्रश्न मिटला. शेवटी तीन तिरंगे आणि "एका निवृत्त अधिकाऱ्याच्या लेखणीतून". कुठला अधिकारी, कुठली पलटण, पत्ता नाही.

मी फौजेच्या विरोधात लिहितोय असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी: घरोघरी फौजी असलेलं सैनिक टाकळी गाव आपल्याच जिल्ह्यात आहे आणि माझे थोरले मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तेव्हा देशभक्तीचा दाखला कुणी मागू नये.

बायका आल्या म्हणून झालं, या मुद्द्याला एकच कागद पुरतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने रँड या संशोधन संस्थेकडून सर्वेक्षण करून घेतलं. जवळपास ५ लाख ६० हजार सैनिकांना प्रश्न पाठवले, १ लाख ७० हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली. त्यावरून निघालेला अंदाज असा, की एका वर्षात सेवेतल्या साधारण २० हजार ३०० जणांवर लैंगिक अत्याचार झाला. त्यात बायका ९ हजार ६००. आणि पुरुष १० हजार ६००. बाईला धोका जास्त हे खरंच, शंभरात जवळपास पाच जणी. पुरुषांत शंभरात एक. पण सैन्यात पुरुषच इतके, की डोकी मोजली तर तेच जास्त भरतात. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्या सैन्याच्या गळ्यात ते बांधायला मी बसलेलो नाही. मात्र अमेरिकेचं उदाहरण मेसेजवाल्यानेच काढलंय, तर ते पुरतं वाचावं. बायकाच नसत्या तर या दहा हजार पुरुषांचं काय झालं असतं?

आता त्या मस्करीकडे येतो. माझं डोकं फिरलं ते यावर.

मागे एक बाप आपल्या एकोणीस वर्षांच्या पोराला घेऊन ऑफिसात आला होता. पोरगा कुठल्याशा निवासी अकॅडमीतून मध्येच परत आलेला. सगळं बापच बोलत होता. सीनियर पोरांनी बूट लपवले, मारलं, रात्री अंगावर घोंगडं टाकून कंबल परेड केली. पोरगा पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसला होता. मी विचारलं, घोंगड्याखाली फक्त मारलंच का? त्याचं बोट थांबलं. बाप घाईघाईने म्हणाला, "साहेब, तेवढं मारहाणीचंच लिवा. पुढं लग्न जमायचं हाय त्याचं." मी मारहाणीचंच लिहिलं. पोराने सही केली, लेबलाचा गोळा टेबलावर राहिला.

ही ती मन घट्ट करणारी मस्करी.

रँडच्याच अभ्यासात बायकांवरच्या आणि पुरुषांवरच्या घटनांची तुलना आहे. पुरुषांच्या बाबतीत एकाच वर्षात पुन्हा पुन्हा घडणं जास्त, एका वेळी अनेकांनी मिळून करणं जास्त, कामाच्या वेळेत होणं जास्त. आणि ज्यांच्यावर झालं त्यांनीच ते नव्या माणसाला "रुळवण्याचा" किंवा बेइज्जत करण्याचा प्रकार होता असं बायकांपेक्षा जास्त वेळा सांगितलं. कुणालाही सांगण्याचं प्रमाण मात्र पुरुषांत कमी. पुढे तर असं निघालं, की ज्या पुरुष सैनिकांना त्या वर्षी घाणेरडे शेरे, वारंवार अश्लील विनोद, "तू मर्द नाहीसच" छापाची टिंगल असा छळ सोसावा लागला, त्यांच्यावर प्रत्यक्ष अत्याचार झाल्याचं प्रमाण बाकीच्यांच्या ४९ पट होतं. म्हणजे मेसेजवाला ज्याला निरुपद्रवी म्हणतोय, धोका ओळखायची पहिली खूण नेमकी तीच आहे.

कुणी म्हणेल, मग रगडाही, म्हणजे शिक्षेची कसरतही, बंद करायची का? रगडा वेगळा. उस्ताद, म्हणजे शिकवणारा, मैदानात, उजेडात, सगळ्यांदेखत फ्रंट रोल मारायला लावतो, पिट्टू (सामानाची पिशवी) पाठीवर घेऊन पळवतो. कशासाठी, ते त्याला वरच्यांना सांगता येतं. दिवे गेल्यावर कडी लावून जे चालतं, त्याचा हिशोब कुणाला देता येतो? फरक इतका सोपा आहे. तो कळत नसेल तर त्या अधिकाऱ्याने नोकरी नक्की कुठे केली, हा प्रश्न मला पडतो.

आणि पलटणीचं नाव! चार जणांनी मिळून एकाला धरलं तर नाव राहतं, तो एक बोलला की जातं. धन्य आहे.

कायद्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आपल्या कायद्यात बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेला, एवढीच आहे. पूर्वीच्या दंड संहितेत निदान अनैसर्गिक संबंधांचं ३७७ कलम होतं. २०१८ च्या निकालाने संमतीने ठेवलेले संबंध त्यातून बाहेर काढले, जबरदस्तीचे गुन्हाच राहिले होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते कलमच नाही. संसदीय समितीने ठेवा म्हटलं होतं, तरी ठेवलं नाही. त्यामुळे अठरा ओलांडलेल्या पोरावर असं काही झालं तर माझ्यासारख्या वकिलाला मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं गोळा करावी लागतात. कायद्यात हे भोक आहे. पण कायद्यात नाव नाही म्हणून घटनाच घडत नाही, हे कुठलं तर्कट?

शिवाय फौजेत गेल्यावर आर्मी अ‍ॅक्ट, १९५० लागतो. त्याच्या कलम ४६ मध्ये क्रूर, अश्लील वा अनैसर्गिक प्रकारच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे, बळी बाई की पुरुष असा भेद नाही. कलम ४७ हाताखालच्या माणसाला छळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आणि नाईक-हवालदारासाठी. कलम २६ नुसार जवान आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नेऊ शकतो, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. तक्रार केली म्हणजे पलटणीशी गद्दारी, असं त्या कायद्यात कुठेही नाही.

अकॅडमीवाल्यांनीही एक लक्षात ठेवावं. अग्निवीराचं किमान वय साडेसतरा, म्हणजे तयारी करणारी कितीतरी पोरं अठराच्या आतली. त्यांना पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, मुलगा असो की मुलगी. कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थाचालकाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. "आपसात मिटवलं" हे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारू नये.

राहिलं गरम रक्त. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर मारणारी, दिवसभर मैदानात असलेली पोरं दमलेली नसतात काय? वासनेचा प्रश्न असता तर चौघांनी मिळून, कामाच्या वेळेत, बेइज्जत करायला कशाला केलं असतं? दमवून हे थांबत नाही. पहिल्या आठवड्यात तासभर लेक्चर देऊनही थांबत नाही. लैंगिक अत्याचार रोखण्यासाठीच्या कार्यक्रमांच्या १४० मूल्यमापनांचा आढावा २०१४ मध्येच निघालाय, एका बैठकीच्या व्याख्यानाने वागणूक बदलल्याचं त्यात दिसलं नाही. फरक पडायचा तो पोरांसोबत चोवीस तास असणाऱ्या उस्तादामुळे आणि नाईकामुळे, पहिल्या घाणेरड्या शेऱ्यालाच तो काय म्हणतो त्यामुळे. फरक पडायचा तो शेजारच्या खाटेवर जागा असलेल्या पोराला "गप झोप" सोडून दुसरं काही करता येतं हे आधीच शिकवून ठेवल्याने. आणि तक्रारीची वाट साहेबाच्या मर्जीवर अडत नसेल तर. अमेरिकेला हे उमगायला फार वेळ लागला. फोर्ट हूड या लष्करी तळावर २०२० साली व्हनेसा गिलेन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा खून झाला, तिच्या छळाकडे वरिष्ठांनी दुर्लक्ष केलं होतं हे उघड झालं, देशभर ओरड झाली. तेव्हा कुठे कायदा बदलला आणि डिसेंबर २०२३ पासून असे गंभीर गुन्हे चालवायचे की नाही हे कमांडरऐवजी लष्करातलेच स्वतंत्र सरकारी वकील ठरवतात.

ताई, तू फी भरायला जाशील तेव्हा मेस आणि ग्राउंडसोबत एवढं विचार. रात्री हॉलमध्ये मोठं माणूस कोण झोपतं? बाथरूमला आतून कडी आहे का? सीनियर आणि नवी पोरं एकाच हॉलात आहेत का? पोराला घरी फोन करताना शेजारी कोण उभं असतं? तक्रार सरांविरुद्धच असेल तर ती कुणाकडे द्यायची, ते भिंतीवर लिहिलंय का? यावर सर "आमच्याकडे असलं काही होत नाही" एवढंच म्हणाले, तर पावती फाडायच्या आधी मला फोन कर.