शेजार संपला? अर्धंच पटलं

वाडे गेले, फ्लॅट आले आणि पुण्यातला शेजार संपला, असं एका लेखात वाचलं. अर्धंच पटलं. आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला, नदीच्या अंगाला. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, तेव्हा पहाटे तळमजल्यावरच्या आजींना उठवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं. तोवर त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. 'तो बुलेटवाला' एवढीच ओळख, तीही सायलेन्सरवरून शिव्या घालताना! गव्हाचा डबा, देव, गोळ्यांची पिशवी, सगळं त्यानं जिन्यानं वर नेलं. आजी मात्र "आधी देव, मग गहू" म्हणून पाण्यात उभ्या राहून भांडत होत्या. पुढे दोन दिवस लाइट नव्हती, एका गॅसवर चार घरांची खिचडी शिजली.

वडील १९६१ च्या पानशेतच्या पुराचं सांगायचे तेही असंच. चिखल उपसायला आलेला माणूस कुठल्या वाड्यातला, हे कुणी विचारलं नाही म्हणे. अर्थात, भिंतीवरून वर्षानुवर्षं चालणारी भांडणं वाड्यातही होतीच की, ती त्या लेखात कुठे दिसली नाहीत.

बुलेटचा आवाज अजून तेवढाच आहे. फक्त तो ऐकला की आजी खिडकीतून ओरडतात, "जेवलास का रे?"