शेडातल्या गाडीला कव्हर कायले? त्या मेसेजला उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय. मथळा असा की गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कव्हर घालणं म्हणजे गाडीचा सत्यानाश. खाली पाच मुद्दे: आत धूळ येतच नाही, कव्हरनं रंगावर ओरखडे पडतात, ओल कोंडून गंज चढतो, उंदरांना आयतं घर मिळतं, आणि शोरूमवाले कुठं कव्हर घालतात? शेवटी सल्ला, की तरीही घालायचंच असेल तर पाणी न शिरणारं जाड प्लास्टिकचं घाला.

मला तो निदान सात जणांनी पाठवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, आमच्या गावात, वाड्यामागच्या टिनाच्या शेडात, एक स्पोर्ट्‌स कार झाकून उभी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. दोन सीटा, कापडी टप, फायबरग्लासची बॉडी. महिन्यातून दोनदा बाहेर निघते. शेजारचे काकाजी इतके दिवस नुसतं विचारायचे, ‘कायले झाकून ठेवतं गा, नवरी व्हय का ते?’ आता त्यांच्या मोबाइलमध्ये पुरावा आलाय.

तर आधी धूळ. हा मेसेज लिहिणाऱ्याचं गॅरेज इमारतीच्या तळघरात असावं, खाली फरशी, पुढं शटर. आमच्या शेडाला तीन भिंती आणि एक फाटक, आणि टिन व भिंत यांच्यामध्ये वीतभर फट. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागतो तेव्हा कुटाराचा भुसा त्या फटीतून आत येतो. मग कापूस, मग तूर, मग मार्चपासून गरम वारा. वणीकडं यात आणखी दोन गोष्टींची भर: कोळशाचे ट्रक आणि राजूरच्या चुनाभट्ट्या. कोळशाची धूळ दिसते तरी. चुन्याची पांढरी भुकटी अंगावर बसते, हिवाळ्याच्या पहाटे ओलावते आणि रंगाच्या वरच्या पारदर्शक थराला खाते. तो डाग धुऊन जात नाही, पॉलिशच करावं लागतं. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. दर पॉलिशला त्यातला थोडा जातो.

पण खरं नुकसान धूळ बसल्यानं होत नाही, ती पुसल्यानं होतं. येता-जाता फडकं मारायची आपल्याला सवय. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याखाली ते रगडले की उन्हात दिसणारं जाळं तयार होतं. कव्हर घातलं की हे पुसणंच टळतं. कव्हरची निम्मी कामगिरी मी यातच धरतो.

ओरखड्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. मळलेल्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे पॉलिश पेपर ओढणं. ढिलं कव्हर वाऱ्यानं फडफडलं तरी तेच. पण यात दोष घालणाऱ्याचा. गाडी धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्यायचा, मग झाकायची. आणि पोटाखालून नाड्या बांधायच्या. काढताना फरफटत ओढायचं नाही. दोन्ही बाजू उचलून टपावर मधोमध घड्या घालायच्या, मग पुढून मागं गुंडाळायचं. पुढची बाजू कोणती याची खूण ठेवली की पुन्हा घालताना जमिनीवर पसरावं लागत नाही. माझ्या कव्हराला पुढं लाल चिंधी शिवलेली आहे.

ओलीबद्दल तर मेसेज स्वतःच स्वतःला खोटं पाडतो. ओल कोंडते म्हणून कव्हर नको, आणि घालायचं तर प्लास्टिकचं! ओल कोंडते ती प्लास्टिकमुळंच. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्या पावसाळ्यात मीही हुशारी करून ताडपत्री टाकली होती. शेडाची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. तिच्यातून वाफारा येतच असतो. रात्री गाडी गार पडते, वाफ तिच्यावर आणि ताडपत्रीच्या आतल्या बाजूवर पाणी होऊन बसते, आणि निघायला वाट नाही. पोळ्याला उघडलं तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, कापडी टपावर काळे ठिपके. बॉडी फायबरची म्हणून ती सुटली, पण ब्रेकच्या डिस्क आणि खालचे नटबोल्ट तांबूस झाले होते. पुढच्या वर्षी सुती कव्हर घातलं आणि गाडीखालच्या जमिनीवर ताडपत्री अंथरली. तीच ताडपत्री, फक्त जागा बदलली. बुरशी आली नाही.

गंजाचा खरा मित्र मात्र मेसेजमध्ये नावालाही नाही: त्याच शेडात रचलेली युरिया आणि डीएपीची पोती. खत हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याची धूळ लोखंडावर बसली की गंज झपाट्यानं चढतो. कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, जवळ असेल तर गोमूत्राचा अमोनिया पितळ-तांब्याच्या जोडांना खातो. त्यापुढं कापड काय करणार? पोती हलवा.

उंदीर कव्हरसाठी येत नाहीत, सरकीच्या ढेपेसाठी येतात. ढेप तिथंच ठेवून कव्हर काढलंत तरी ते एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करणार आणि वायरी कुरतडणार. उभ्या गाडीत त्यांना हवा असतो तो शांतपणा. म्हणून ढेप दुसरीकडं, सायलेन्सरच्या तोंडाला जाळी, आणि आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघणं. विष ठेवू नका. उंदीर डॅशबोर्डमागं मरतो आणि मग महिनाभर गाडीत बसवत नाही.

शोरूमचं म्हणाल तर तिथं बंद काचा असतात आणि गाडी पुसायला पगारी माणूस.

एक गोष्ट मेसेजनं म्हटली असती तर मी गप्प बसलो असतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त, आणि त्या उष्म्यावर कव्हराचा काही इलाज नाही. डॅशबोर्ड तापायचा तो तापतोच.

कापडाचं विचाराल तर बाहेरून मांजरपाट, आतून फलालीन, दोन्हींचे वीस-वीस मीटर. मांजरपाट शिवण्याआधी दोनदा धुवावा लागतो, नाहीतर आटतो, आणि त्यातल्या खळीला किडे लागतात. गावातल्या टेलरनं माप घ्यायला टेप लावला, आरशांपाशी थांबला आणि विचारलं, ‘भाऊ, याले बाह्या दोनच ना?’ दोनच. पण त्या थोड्या सैल ठेवायला सांगा, घट्ट झाल्या तर कव्हर काढताना आरसा मोडतो.