सातांच्या सत्तर वेळा

चूक माझीच. थोरल्याला तिसरीत गुणाकार शिकवलाय हे माहीत असताना त्याला बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय सांगायला नको होता.

झालं असं की धाकटीनं, वय पावणेतीन वर्षं, त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. कारण काही नाही. दंड समोर होता. तो भोकाड पसरून स्वयंपाकघरात आला तेव्हा माझे हात पिठात, भाकरी तव्यावर आणि साडेनऊची चर्चची उपासना डोक्यावर. अशा वेळी दोघांना एकेक धपाटा घालून मोकळं व्हायचं असतं. पण मी पडले संडे स्कूलची बाई. धपाट्याऐवजी बायबलातलं वचन दिलं. म्हटलं, "शिष्य पेत्रानं येशूला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, सात नाही, सातांच्या सत्तर वेळा."

रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, वचन काळजाला लागलं. तो हिशेब करत होता.

"म्हणजे 490."

"हो रे राजा."

"आणि 491व्या वेळी?"

भाकरी करपली.

त्याच दुपारी जुन्या वहीच्या मागच्या पानांवर खातं उघडलं गेलं. तेही पप्पांच्या निळ्या जेल पेननं, कारण पेन्सिलीचं खोडता येतं. मंगळवारपर्यंत नोंदी अशा: "23. माझ्या कंपासमध्ये वरण ओतलं. 24. वरण माझ्याच रुमालानं पुसलं. 25. मी झोपलो होतो तर बोटानं डोळा उघडून बघितला." अक्षर इतकं सुबक की शाळेच्या वहीत तसं कधी पाहिलं नव्हतं.

रात्री कौटुंबिक प्रार्थनेत विषय निघाला. सासूबाई मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या. नगरला अमेरिकन मिशन 1831 साली आलं, आणि तेव्हापासूनचं सगळं आपल्यासमोरच घडलंय अशा थाटात त्या शास्त्र सांगतात. म्हणाल्या, "अरे, पुढचा दृष्टांत वाच. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. राजानं सगळं सोडलं. तो बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला."

"गळा?" थोरला सरसावून बसला.

आमचे हे पतसंस्थेत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, असं करत करत ते 1,64,000 वर्षांच्या हप्त्यांवर पोचले आणि गप्प झाले. दोन मिनिटांनी म्हणाले, "चाकराला एवढं कर्ज मंजूर कुणी केलं? तारण काय होतं?" दृष्टांत तिथंच संपला.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण यांनी आणखी माहिती पुरवली, की काही भाषांतरांत 490 नाही, 77 आहे. मी डोळे वटारले. 77 धरले तर धाकटीचा कोटा गुरुवारी संपत होता! सासूबाईंनी सावरून घेतलं: "77 हा लामेखाचा आकडा, भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशजाचा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत आहे, काइनाबद्दल सातपट सूड, तर लामेखाबद्दल सत्त्याहत्तरपट. येशूनं तोच आकडा सुडाचा काढून क्षमेला लावला." मला हे फार आवडलं. थोरल्याला मात्र लामेखच आवडला.

शुक्रवारी दोघं झोपल्यावर मी वही चाळली. मधे एक नवीन पान, वर नाव: मम्मी. 41 नोंदी. "12. सॉरी म्हणाली पण ओरडून. 19. पाच मिनिटं म्हणाली आणि मोबाईलवर खूप वेळ." 27वी वाचून मी वही मिटली, ती इथं सांगत नाही. शेजारी पप्पांचं पान, त्यावर फक्त तीन. घरात असतात किती वेळ, म्हणून तीन! मी यांना उठवलं आणि लग्नापासूनचं सगळं एकेक काढलं, तारखांसकट. हे झोपेतच भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत होते. लग्नात मिळालेली फ्रेम, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय तेरा. "चिडत नाही, अपकार स्मरत नाही." माझा आवाज जरा खाली आला. पण 2019ची दिवाळी पूर्ण करूनच थांबले.

रविवारी पुन्हा तीच घाई. एक बूट सापडला, दुसरा फ्रिजखाली. केस विंचरायला धाकटीला हाक मारली तर न्हाणीघरातून "धुतलं, धुतलं" असं गाणं. सासूबाईंची प्रभुभोजनाची पांढरी साडी बादलीत भिजत होती आणि त्या बादलीत धाकटी वही घासत होती. जेल पेननं आपलं काम चोख केलं होतं. पानं कोरी, पाणी निळं.

थोरला दारात उभा. ओठ थरथरले, पण रडला नाही. वही उचलली, निथळू दिली, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं.

"मम्मी, हे 213वं धरू की पहिलं?"

मला उत्तर सुचेना.

"आणि साडीचं आजीच्या खात्यात ना?"

मागून सासूबाई आल्या. साडी पिळली, झटकली, खिडकीच्या उजेडात धरली. जागोजागी आभाळ उतरलं होतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अगदी हळू म्हणाल्या, "लामेखाचं तरी नेमकं काय चुकलं होतं?"