रात्रीचे एकवीसशे चव्वेचाळीस

“काकू, हे रीडिंग न्हाई. हे रात्रीचे पावणेदहा वाजलेत.”

वीज कंपनीच्या खिडकीमागच्या त्या पोराचं हे वाक्य गेल्या मंगळवारचं. पोर कसलं, डोक्यावर चांगला चंद्र उगवलेला आहे, माझ्याहून फार तर पाचेक वर्षांनी लहान असेल. आज लिहायला बसले तरी कानाच्या पाळ्या तापतात. आधी ‘काकू’ने, मग पावणेदहाने.

झालं होतं एवढंच की बिल जास्त आलं. बिलावर चालू रीडिंग २३९१. मी रात्री भांडी आवरून पार्किंगमध्ये उतरले, मोबाइलच्या उजेडात नव्या स्मार्ट मीटरवर बघितलं, तर २१४४. सरळ २४७ युनिटांचा फरक! रात्रभर झोप नाही, आणि ती रागाने नव्हे, आनंदाने. एवढी मोठी लबाडी आपल्या हाती लागावी! मी एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं रोकड सांभाळते. संध्याकाळी एक रुपया कमी आला तर टेबलाखाली टॉर्च घेऊन रांगणारी बाई मी. सकाळी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात ‘सदर आकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे’ असं खाली रेघ मारून लिहिलं, आणि अर्धी रजा टाकून रांगेत उभी राहिले.

डोळ्यांनी पाहिला होता खरा. तो मीटरमधल्या घड्याळाचा होता. २१ वाजून ४४ मिनिटं.

“सकाळी उतरला असता तर सातशे तीस घावलं असतं,” पोराने अर्ज परत सरकवत सांगितलं, “मग कंपनीच तुमास्नी पैसं देणं लागली असती.” मागे हेल्मेट काखेत घेऊन उभा असलेला गृहस्थ ‘मावशींचं घड्याळ तरी टायमात हाय’ म्हणाला आणि रांग हसली. काकूची मावशी व्हायला दीड मिनिट लागलं.

आता माझ्या संशयाचा दोष माझा एकटीचा नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. ऊस पिकवणाऱ्या घरात माणूस जन्मतो तोच काट्यावर संशय घेत. आमचे वडील उसाची ट्रॉली आधी खाजगी काट्यावर घालायचे, मगच कारखान्याच्या. दोन पावत्या दोन खिशांत, आणि मधल्या फरकावर आठवडाभर रात्रीचं जेवण चालायचं. त्या घरातल्या मुलीच्या दारात एके दिवशी मीटर बदलायला माणसं येतात, ती ऑफिसात असते, सासूबाई ‘बसवा की, फुकट हाय म्हणं’ म्हणून अंगठ्याएवढी सही करतात, आणि जुन्या मीटरची चकती कायमची जाते. त्या चकतीला एक काळी खूण होती. ती भरभर फिरली की कोणीतरी गिझर चालू ठेवलाय एवढं ज्ञान आम्हाला पुरत होतं. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बारीक अक्षरात ३२०० लिहिलंय. म्हणजे म्हणे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोजा!

मोजणारा माणूस आमच्याच इमारतीत निघाला.

अण्णा तळमजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीतले कित्येक पावसाळे नदीकाठच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघून ती फोनवर वरच्या साहेबांना कळवण्यात गेले. ही नोकरी कोल्हापुरात किती मानाची, ते बाहेरच्याला कळायचं नाही. जुलै लागला की अख्खं गाव ‘जेवलासा का’च्या आधी ‘बंधाऱ्यावर किती?’ विचारतं. राजाराम बंधारा, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या, आणि ते इंचासकट सांगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. म्हणजे आकडे वाचण्यात आम्ही कच्चे नाही. फक्त नदीचा आकडा फुटात येतो आणि तिचं घड्याळ त्याच पट्टीवर नसतं.

मंगळवारी संध्याकाळी अण्णा मीटरच्या फळीखाली खुर्ची टाकून बसलेले. बातमी माझ्याआधी पोचली होती, कशी ते विचारू नका.

“कुठला पडदा लिहिलासा?”

“कुठला म्हणजे?”

“वहिनी, ह्यो शिनिमा हाय. पडदं बदलत्यात. दमानं बगायचं.” काठीच्या टोकाने त्यांनी मीटरचं बटण दाबलं. “ही तारीख. ही वेळ, हितंच तुमचा पाय घसरला. ह्यो व्होल्टेज, २३८. पाणी किती उंचावनं पडतंय ते. आता हिकडं बगा. के डब्ल्यू. म्हंजे ह्या घडीला दारातनं किती क्युसेकनं सुटलंय. आणि ह्यो के डब्ल्यू एच. मीटर बसल्यापासनं आजवर एकूण पाणी गेलं किती ते. टीएमसी! बिल टीएमसीवर येतं वहिनी, क्युसेकवर न्हाई.”

माझ्या इंजिनियर भाच्याने हेच दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा मी ‘हां हां’ म्हणून विषय बदलला होता. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की किती क्युसेक विसर्ग, ही बातमी आयुष्यभर वाचलेल्या बाईला अण्णांचं मात्र लख्ख कळलं. दोन हजार वॅटचा गिझर म्हणजे दोन दरवाजे एकदम उघडलेले, अर्ध्या तासात एक युनिट. ७५ वॅटचा पंखा म्हणजे गळका नळ, तेवढ्याच युनिटाला तेरा तास. कळलं. पण अण्णांकडून कळलं, आणि अण्णा थांबत नाहीत.

“आणि ही एम डी, म्हंजे मॅक्सिमम डिमांड. म्हैन्यातली सगळ्यात मोठी पूररेषा. चार पॉइंट एक! तारीख बी हाय बगा. १३ तारीख, सकाळी साडेसात.” त्यांनी चष्मा वर केला. “१३ ला सकाळी साडेसातला तुमच्यात काय फुटलं हुतं?”

मला आठवलं. नणंदेच्या सासरचे आले होते. गिझर, इस्त्री, मिक्सर आणि वर केकच्या हौसेपायी ओव्हन.

“पावनं?”

“होय.”

“किती जण?”

“सहा.”

“सहाला चार पॉइंट एक,” अण्णा स्वतःशीच म्हणाले आणि वहीत लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर गाडी काढता काढता थांबून ऐकत होते. माझ्या घरी कोण कधी आंघोळीला गेलं हे आता भिंतीवरच्या डबड्याला माहीत, आणि डबड्याकडून अण्णांना.

बुधवारी इमारतीच्या ग्रुपवर सकाळी सातला संदेश आला. ‘आजची पातळी. फ्लॅट १: ११२. फ्लॅट ५: १९०. फ्लॅट ७: २६७, इशारा पातळीकडे वाटचाल.’ फ्लॅट ७ म्हणजे आम्ही. अण्णांनी बिलाचे टप्पे घेतले होते आणि त्यावर नदी चढवली होती. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणून ३०० इशारा, ५०० धोका. शनिवारी रात्री दहाला दारावर काठी वाजली. उघडलं तर अण्णा, हातात टॉर्च.

“वहिनी, ३०० ला चिकटलंय. जनावरं हलवायची वेळ झाली.”

मी सांगितलं, “अण्णा, ३०१ वं युनिट महाग होतं, आधीची तीनशे होत नाहीत. आमच्याकडे व्याजाचे टप्पे असेच असतात, मी रोज मोजतो.” (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘मी जातो, मी येतो’च म्हणतो. लिहिताना तेवढं ‘जाते, येते’ करून साळसूद दिसतो.)

“बांध फुटल्यावर पाणी रांगेत येत न्हाई,” अण्णा म्हणाले. ह्याला उत्तर नसतं. त्यांनी आमच्या हॉलचा एक दिवा स्वतः बंद केला आणि उतरले.

राग येतो तो अण्णांचा नाही. ह्या स्मार्ट मीटरवर २०२५ च्या जुलैपासून घरगुती ग्राहकाला दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, वापरलेल्या विजेवर सवलत आहे. फार चांगलं. सकाळी ९ ते ५ मी कुठे असते? पतसंस्थेत, दुसऱ्याच्या पंख्याखाली. कपडे रात्री साडेनऊला मशीनमध्ये पडतात, मिक्सर सकाळी सहाला फिरतो, इस्त्री रविवारी. अण्णा म्हणतात, मशीन दुपारी लावा. मी म्हणते, वाळत कोण घालणार, तुम्ही? तर त्यांना लगेच टॉर्चचे सेल बदलायचे असतात. विजेला तास कळायला लागले, पण ते तास घरात बसून मोजायला माणूस लागतं, आणि ते माणूस बाईच असणार हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं आहे. नवऱ्याला विचारा आमच्या मीटरचं बटण कुठे आहे. बरं, बिलावर बघावं तर विजेच्या खाली स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. घरातले सगळे दिवे घालवून अंधारात बसलं तरी स्थिर आकार शेजारी येऊन बसणारच.

गॅसचं निराळं. पूर्वी सिलिंडर हाच मीटर होता. भाकरी एका बाजूने कच्ची राहायला लागली की सासूबाई टाकी हलवायच्या, आडवी करून चार भाकऱ्या अजून काढायच्या, आणि संपली की संपली. आता पाइपचा गॅस, स्वयंपाकघराच्या गॅलरीत राखाडी पेटी. १४.२ किलोची टाकी म्हणजे साधारण १८-१९ घनमीटर, असा हिशेब मी तव्यावर नजर ठेवून करते. दर दोन महिन्यांनी मोबाइलवर संदेश येतो, रीडिंग कळवा. पेटीवर पाच काळे आकडे आणि तीन लाल. लाल आकडे दशांश चिन्हानंतरचे, ते कळवायचे नसतात. हे मला माहीत आहे, कारण मंगळवारनंतर मी घरातला प्रत्येक कागद, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा, वाचून काढते.

काल अण्णांकडे पहिल्यांदा हा संदेश आला. मला हाक मारली. मदतीला नव्हे, बघायला.

मीटरवर काळे ००२१४, पुढे लाल ५३७.

“लाल!” अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. पुराच्या पट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज होता तो. “लाल म्हंजे धोका. ह्यो आकडा आधी कळवाय पायजे. पुरा कळवतो. दोन लाख चौदा हजार पाचशे सदोतीस.”

मी तोंड उघडलं. मला खिडकीमागचा तो पोर आठवला, हेल्मेटवाला आठवला, १३ तारखेचे सहा पाहुणे आठवले.

“बरोबर आहे ना वहिनी?”

“अण्णा,” मी म्हटलं, “पातळीतलं तुम्हाला कळतं, मला काय कळतंय?”

त्यांनी चष्मा खाली ओढून सहाही आकडे सावकाश दाबले आणि पाठवून दिले. बिल अजून यायचंय. मी रोज कामावरून येताना तळमजल्यावरच्या टपालपेटीत डोकावते.